नोरिंगचा कप आणि बापाची पाच ताटं

सान अपोलिनार वाडीत कुणी किती खावं हे ठरवायचं काम सरकारने नोरिंगला दिलं, त्यावरून एक गोष्ट उघड होते. सरकारने नोरिंगला कधी पाहिलेलं नव्हतं. बाई दारातून आत शिरली की आधी पोट यायचं, मग काखेतला तक्ता, आणि मग 'बसू का जरा' म्हणणारी नोरिंग. वय पंचावन्न, पायांत रबरी चपला, डोक्यावर ओला टॉवेल आणि तोंडाचा पट्टा कायम चालू. नवरा जहाजावर खानसामा, वर्षातले दहा महिने समुद्रावर. पोरं मनिलात. घरात ती आणि तिचा म्हातारा बाप गोयो, दोघंच. वाडीतली लहानथोर तिला मनाय म्हणायची, आमच्या बिकोलात, म्हणजे फिलिपीन्सच्या या टोकाला, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. पण त्या 'मनाय'मध्ये आदर किती आणि 'आली बघा, झाका भांडी' किती, हे ज्याचं त्याला ठाऊक.

तिचा हुद्दा होता 'पोषण-विद्वान'. हसू नका, शिक्क्यासकट कागदावर तसंच लिहिलेलं होतं. शाळेत दोनदा गणितात आपटलेली बाई विद्वान झाली म्हटल्यावर तिच्या जुन्या मास्तरणीने छातीवर क्रूस काढला म्हणतात. पोरांची वजनं घ्यायची, घरोघरी जाऊन काय शिजलंय ते बघायचं, आणि तक्ता दाखवायचा. तक्त्यावर एक गोल ताट. निम्म्यात भाजी आणि फळं, उरलेल्या निम्म्यात भात जरा जास्त आणि मासा जरा कमी. चित्र झकास होतं. फक्त आमची अर्धी वाडी केळीच्या पानावर जेवते. सेपा म्हातारीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "बाई, पानाचा निम्मा कुठून धरायचा? देठाकडून का शेंड्याकडून?"

तक्ता कुणी मनावर घेतला नाही, पण कप चालले. तालुक्याहून साठ प्लास्टिकचे कप आले, प्रत्येकावर एक लाल रेघ. रेघेपर्यंत शिजलेला भात म्हणजे एका माणसाचं एक वेळचं माप. वर शीग लावायची नाही, सुरीच्या पाठीने सपाट करायचं. पहिले सहा महिने त्या कपांनी लोकांनी आंघोळी केल्या, कोंबड्यांना कोंडा घातला, आणि पुरुषांनी दारू मोजली, तीसुद्धा रेघेच्या वर. नोरिंग हटली नाही. दोन वर्षं रोज अकरा घरं करून, घसा फोडून, भांडून, वेळेला रडून तिने प्रत्येक चुलीपाशी कप टांगायला लावला. माणशी एक कप. हे तिने करून दाखवलं, आणि याचा तिला जेवढा अभिमान होता तेवढा पोटच्या पोरांचाही नव्हता.

आता आमच्याकडची रीत अशी. जेवताना रस्त्यावरून कुणी जाताना दिसलं, की तोंडात घास असला तरी हाक मारायची, 'या जेवायला.' जाणाऱ्याने हात हलवून म्हणायचं, 'चालू द्या, आत्ताच झालं.' सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नसलं तरी हेच म्हणायचं. जो हाक मारत नाही तो चिक्कू, आणि जो हाकेवर खरंच येऊन बसतो तो एक तर पोर, नाही तर निलाजरा. दारं-खिडक्या लावून जेवणाऱ्याच्या घरी तर लोक मयतालाही नाइलाजाने जातात. नोरिंगने यात स्वतःपुरती वाट काढली होती. ती हाकेवर बसायची, पण कामावर. ताट तपासायचं तर ताटापाशी बसायला नको? आणि मीठ किती, नारळाचं दूध किती, हे चाखल्याशिवाय कसं कळणार? एक चमचा इथे, एक तुकडा तिथे. पोरांना रोज काट्यावर टांगणारी ही बाई स्वतः काट्यापासून चार हात लांब असायची. तो काटा लहान मुलांचा आहे, म्हणायची.

तिचा बाप गोयो, तिच्या तोंडी 'तातय', सत्त्याहत्तर वर्षांचा. चाळीस वर्षं तांदळाच्या गिरणीत पन्नास-पन्नास किलोची पोती वाहिलेला गडी. त्याचा धर्म एकच, भात पोटात गेला नाही तर ते जेवण नव्हे, ती चेष्टा. पाव, रताळं, शेवया, काहीही पुढे ठेवा, सगळं संपवून तो विचारायचा, "आणि जेवण?" भांड्याची करपलेली खरवडसुद्धा तो सोडायचा नाही. त्या खरवडीपायी जावयाशी त्याचं एकदा भांडण झालं होतं आणि जावई परत जहाजावर गेला तेव्हाच ते मिटलं.

त्या गोयोच्या डाव्या पायाच्या करंगळीला दगड लागला आणि जखम महिनाभर बरी होईना. बोट काळं पडायला लागलं तेव्हा नोरिंगने त्याला रिक्षात घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर ओरेन्से म्हणजे अठ्ठावीस वर्षांची पोरगी, आवाज एवढासा, पण बोलणं सरळ. साखर तीनशे बारा निघाली.

"एक कप भात, दिवसातून तीनदा," डॉक्टर म्हणाली. "साखर दोनशेच्या खाली आली तर जखम भरेल. नाही आली तर बोट काढावं लागेल, आणि ते बोटावरच थांबेल असं मी लिहून देत नाही."

गोयो म्हणाला, "बाळ, एक कप तर आम्ही गिरणीत उंदरांना सोडायचो."

नोरिंगने छाती पुढे काढून डॉक्टरला सांगितलं, की माझ्या घरात काळजीच नको, ज्या बाईने आख्ख्या वाडीला माप शिकवलं तिचाच हा बाप आहे. डॉक्टरने गोळी लिहून दिली, चुकवू नका म्हणून बजावलं, आणि रोज चालायला सांगितलं.

पहिले तीन दिवस घरात महाभारत झालं. अकराच्या ठोक्याला नोरिंग कप भरायची, सुरीने सपाट करायची, बापाच्या ताटात उपडा करायची आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहायची. म्हातारा भाताच्या त्या टेकाडाकडे बघून देवाला हाका मारायचा, नोरिंगच्या मेलेल्या आईला हाका मारायचा, एकदा तर त्याने गिरणीच्या मेलेल्या मालकालाही बोलावलं. नोरिंगने घरातला साखरेचा डबासुद्धा शेजारी देऊन टाकला. चौथ्या दिवशी मात्र गोयो मुकाट जेवला, हात धुतले, केस विंचरले, काठी उचलली आणि म्हणाला, "जरा चालून येतो. डॉक्टरीणबाईने सांगितलंय." नोरिंगला भरून आलं. त्या दिवशी अकराही घरांत तिने सांगितलं, की हट्टी म्हातारं माणूस कसं वळवायचं ते या माझ्याकडे शिकायला.

महिन्याने साखर निघाली तीनशे चाळीस.

नोरिंग म्हणाली मशीन बिघडलंय. डॉक्टरने दुसऱ्या मशीनवर बघितली, तीनशे अडतीस. मग डॉक्टरने कप मागितला. तो नोरिंगच्या पिशवीत कायम असायचाच. डॉक्टरने त्यात पाणी ओतून मापलं, माप चोख निघालं. तेव्हा ती पोरगी कप बाजूला ठेवून नोरिंगकडे बघत हळूच म्हणाली, "मनाय, वाढताना हात सैल सुटतो का? बाप आहे, मी समजू शकते."

हे नोरिंगला जिव्हारी लागलं. कुणी चोर म्हटलं असतं तरी तिने परतफेड केली असती, पण मापात चूक? डॉक्टरने आणखी एक महिना दिला. त्यानंतर शस्त्रक्रियेला मोठ्या गावी पाठवीन म्हणाली. रिक्षात बाप बाहेरच्या भाताच्या खाचरांकडे बघत बसला होता, आणि नोरिंग त्याच्या पावलाकडे बघत होती. जन्मात बूट न घातलेलं, फताडं, टाचेला भेगा पडलेलं पाऊल. ते नसेल तर हा माणूस घरात बसून चार महिन्यांत मरेल, हे तिला दिसत होतं. संध्याकाळी चुलीपुढे बसून ती रडली आणि भाजीला दोनदा मीठ घातलं.

त्याच आठवड्यात तिची तिमाही पाहणी आली. 'काल दिवसभरात काय खाल्लं' असा तो कागद असतो, घरोघरी भरून घ्यायचा. पहिलं घर सेपाचं, कारण महिनाभर नोरिंगची रोजची अकरा घरं वाडीच्या दुसऱ्या टोकाला चालली होती. सेपा सत्तरीची विधवा, जिभेला हाड नाही. ती कांदे सोलता सोलता सांगत गेली आणि नोरिंग लिहीत गेली.

"दुपारी मला एक कप भात, एक बांगडा, नारळाच्या दुधातला अळू. तुझ्या बापाला एक कप भात, एक बांगडा, अळू."

"कुणाच्या बापाला?"

"तुझ्या. तुला काय दोन आहेत?"

झालं होतं ते असं. महिन्यापूर्वी गोयो खिडकीवरून चालला होता. सेपाने नेहमीची हाक टाकली, या जेवायला. म्हातारा आला आणि बसलाच. बसलेल्या म्हाताऱ्याला ऊठ कोण म्हणणार? तेव्हापासून रोज साडेअकराला, सेपाची रेडिओवरची मालिका सुरू झाली की, हा हजर. "पण मापात देते हो," सेपा म्हणाली. "तुझ्याच कपाने. रेघेच्या वर एक शीत नाही. शीग लाव म्हणाला तर मी म्हटलं, नोरिंग मला फाडून खाईल. आणि कुणाला बोलू नकोस म्हणालाय. फक्त माझ्याकडेच बसतो ना, बाकीच्यांना वाईट वाटेल."

सांगताना सेपाने केस नीट केले. ते नोरिंगने पाहिलं आणि कागदावर काही लिहिलं नाही.

दुसरं घर लिगायचं, कोपऱ्यावरच्या दुकानवालीचं. तिथे गोयो पावणेबाराला जेवत होता. एक कप भात, सुका मासा, शेवग्याचा पाला. लिगायनेही कप काढून दाखवला, घासून लख्ख केलेला, आणि तिलाही त्याने सांगितलं होतं की फक्त तुझ्याकडेच बसतो. तिसरं घर वाडीच्या कप्तानाचं, म्हणजे आमच्या सरपंचाचं, सव्वाबारा. चौथं शिंप्याचं, पाऊण. सगळीकडे एक कप, एक मासा, निम्मं ताट हिरवं. सगळीकडे 'आमच्याकडेच'. शिंपीण तर म्हणाली, "मनाय, तुझा तक्ता समोर ठेवून वाढते मी. बघ, डाग पडलेत."

नोरिंग शिंप्याच्या ओट्यावर बसली. रागात माणसाला भूक लागते, म्हणून शिंपिणीने पुढे केलेली नारळाची गोड पोळी ती चावत होती आणि बेरीज करत होती. घरचा अकराचा एक, बाहेरचे चार. पाच कप भात, पाच मासे, पाच वाढपं भाजी. प्रत्येक ताट तक्त्याबरहुकूम. इतकं नमुनेदार जेवण आख्ख्या जिल्ह्यात कुणी केलं नसेल, आणि तिच्या बापाने ते अकरा ते एकच्या आत रोज पाच वेळा केलं होतं. यात चूक कुणाची धरायची? बायका सांगितल्याप्रमाणे वागल्या. माणशी एक कप, हे दोन वर्षं तिनेच त्यांच्या डोक्यात घातलं होतं. एका माणसाने दिवसात किती दारं करायची, ते मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तक्त्यावरही ते कुठे नव्हतं.

बापाशी भांडण्यात अर्थ नव्हता, चाळीस वर्षांचा अनुभव होता. तिने चौघींना एकत्र केलं. चौघींना एकमेकींचं कळलं तेव्हा आधी त्यांचंच वाजलं, आणि सेपा दोन दिवस लिगायशी बोलली नाही. मग प्रश्न आला की त्याला नाही कोण म्हणणार. कुणीच तयार होईना. तोंडावर नाही म्हणायचं, तेही म्हाताऱ्याला, तेही पानावरून? शेवटी नोरिंगच म्हणाली, साडेअकरा ते एक खिडक्या लावून जेवा. तो दिसलाच नाही तर हाक मारायला नको.

"नवऱ्याच्या मयतालासुद्धा मी खिडकी लावली नव्हती," सेपा म्हणाली. लिगाय म्हणाली दुकानाची खिडकी लावली तर मीठ काय भिंतीला विकू? तेव्हा नोरिंगने काळ्या बोटाचं सांगितलं. आधी बोट, मग पाऊल, मग काय ते देव जाणे. त्यावर सेपानेच आधी मान हलवली.

सोमवारी गोयो घरचा कप संपवून, केस विंचरून निघाला. नोरिंग फणसाच्या आडून त्याच्या मागे. सेपाची खिडकी बंद होती. म्हातारा थांबला. आतून रेडिओ ऐकू येत होता, चमच्यांचा आवाज येत होता. तो खोकला. परत एकदा खोकला. चमच्यांचा आवाज थांबला, पण खिडकी उघडली नाही. तो पुढे गेला. लिगायचं दुकान बंद, भर दुपारी. कप्तानाचं बंद. शिंप्याच्या घरापुढे तो बराच वेळ उभा राहिला. त्याने टोपी काढली, सदऱ्याकडे बघितलं, कुठे डाग आहे का ते पाहिलं, तळवा तोंडापुढे धरून श्वासाचा वास घेतला. तो मागे फिरला तेव्हा ती आडवाटेने धावत घरी आली आणि धापा टाकत भांडी घासायला बसली.

म्हातारा पायरीवर टेकला. "नोरिंग," तो म्हणाला, "माझ्याकडून कुणाचं काही वाईट झालंय का?"

खरं सांगायची हिंमत तिला झाली नाही. वारा फार आहे, धूळ येते, म्हणून लोक खिडक्या लावत असतील, असं काहीतरी ती पुटपुटली. बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं. गोयो आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. रात्रीच्या ताटाला त्याने हात लावला नाही. सकाळीही नाही, भूक नाही म्हणाला. गोळी मात्र नोरिंगने दिली, चुकवू नका असं डॉक्टरने बजावलं होतं ना. मोजण्यात ती पक्की होती. गोळी एक, पाणी एक पेला. पोटात भात शून्य, हे तिने मोजलंच नाही.

अकराला तो उठलाच नाही, म्हणून बारा वाजता तिने परत ताट आणलं, तेव्हा म्हातारा घामाने भिजला होता. हात थरथरत होते. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "इंगा, हे पोतं कुठे उतरवू?" इंगा म्हणजे नोरिंगची आई. तिला जाऊन सोळा वर्षं झाली होती.

नोरिंगला एवढं शिकवलेलं होतं. साखर खाली गेली की गोड द्यायचं, ताबडतोब. तिने फळीवर हात घातला. डबा नव्हता. तो तिनेच देऊन टाकला होता. ती चपला न घालता लिगायच्या दुकानाकडे पळाली. दुकान बंद. सेपाची खिडकी बंद, कप्तानाची बंद, सगळी वाडी तिच्या हुकुमाने मुकाट आत जेवत बसलेली. तिने लिगायच्या खिडकीची फळी दोन्ही हातांनी बडवली.

आतून लिगाय म्हणाली, "मनाय, एकपर्यंत उघडायचं नाही, तूच सांगितलंस."

"उघड गं बाई. तातय चाललाय माझा."

फळी उघडली. नोरिंगने संत्र्याच्या थंड सरबताची बाटली उचलली आणि चौऱ्याऐंशी किलो वजन घेऊन ती जशी धावली तशी वाडीने तिला त्याआधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही. बापाचं डोकं मांडीवर घेऊन तिने घोट-घोट पाजलं. आयुष्यभर जे पेय तिने घरोघरी विष म्हणून सांगितलं, तेच ती पाजत होती आणि अजून एक घोट म्हणून हात जोडत होती. पाठोपाठ चौघी बायका आल्या. सेपाच्या हातात चमचा तसाच होता, भाताचा.

दहा-पंधरा मिनिटांनी गोयोने डोळे नीट उघडले. सगळ्यांकडे बघून घेतलं, मग बाटलीकडे बघितलं. "याला लाल रेघ नाही का?" तो म्हणाला.

नोरिंग आधी हसली आणि मग जे रडायला लागली ते थांबेचना. रडत रडतच तिने सगळं सांगून टाकलं. खिडक्या, फणस, बेरीज, सगळं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं.

"भातासाठीच जात होतो मी," तो म्हणाला. "मला संत करू नकोस. पण इथे तू कप घेऊन डोक्यावर उभी राहतेस. तुझी आई गेल्यापासून या घरात माझ्यासमोर बसून कुणी जेवलंय का, सांग. तिथे बस म्हणतात."

खरंच होतं ते. बापाला अकराला वाढून नोरिंग दुसऱ्यांची ताटं बघायला पळायची आणि स्वतः त्या अकरा घरांतच उभ्या-उभ्या जेवायची. शरमेने ती बाटलीचं झाकण लावत-काढत बसली.

सेपाला असल्या रडगाण्याचा कंटाळा. ती म्हणाली, "मग एकच कप चार घरांत वाट की. विद्वान तू आहेस ना?"

नोरिंगने डोळे पुसले आणि तिथल्या तिथे चमचा घेऊन बसली. कपातला भात ताटात काढला आणि मोजला. बारा चमचे. परत मोजला, बारा. चार घरं, घरटी तीन चमचे. मासा चौघींनी पाळीपाळीने, एका दिवशी एकीनेच द्यायचा. पाला हवा तेवढा. दुपारचा घरचा कप बंद, सकाळ-संध्याकाळचा चालू. सेपाचा चमचा मोठा आहे अशी लिगायने तक्रार केली, म्हणून चारही घरांत सारखे चमचे, लाल दोरा बांधून. संध्याकाळी डॉक्टरने फोनवर तिला चांगली झापली. पोटात काही नसताना ही गोळी द्यायचीच नसते, हे मनाय तुम्हाला सांगायला हवं का, म्हणाली. नोरिंगने जन्मात पहिल्यांदा कुणाचं तरी उलट न बोलता ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी खिडक्या उघडल्या. गोयो निघाला, हाका आल्या, तो बसला. तीन चमच्यांत दातसुद्धा ओले होत नाहीत, असं तो प्रत्येक घरी न चुकता सांगायचा, आणि प्रत्येक घरी अर्धा तास बसायचा. सेपाकडे पाऊण तास, मालिका संपेपर्यंत.

महिन्याने दोघं परत दवाखान्यात गेली. साखर एकशे शहाऐंशी. डॉक्टरने करंगळी फिरवून फिरवून पाहिली. कडेने गुलाबी कातडी धरली होती. बोट वाचलं म्हणायला हरकत नाही, ती म्हणाली, आणि कसं काय जमवलंत म्हणून विचारलं. नोरिंगने चार घरांची, बारा चमच्यांची गोष्ट हात हलवून हलवून सांगितली. डॉक्टर हसली. मग हसता हसता थांबली.

"आणि मनाय, तुम्ही रोज किती घरं करता?"

"अकरा."

"चाखता?"

"चाखल्याशिवाय मीठ कसं कळणार?"

"हात द्या इकडे."

नोरिंगने हात मागे घेतला, पण गोयोने तिचं मनगट धरलं. पोती वाहिलेला हात होता तो. सुई टोचली, थेंब आला, मशीनने आकडा दाखवला. दोनशे एकाहत्तर. मग म्हातारा पुढे वाकून गंभीरपणे म्हणाला, "डॉक्टरीणबाई, मशीन बिघडलंय का बघा जरा."

डॉक्टरने दुसरं मशीन काढलं. दोनशे अडुसष्ट. नोरिंगला भीती वाटली ती वाटलीच, पण त्याहून जास्त लाज वाटली, की आख्ख्या वाडीचा कागद भरताना तिने स्वतःच्या नावाची ओळ कधी भरलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी अकराला ती तक्ता काखेत मारून निघाली, तर गोयो चुलीपाशी उभा होता. त्याने कप भरला, सुरीची पाठ फिरवून सपाट केला, उजेडात धरून रेघ बघितली. मग तो भात ताटात काढून चमच्याने मोजायला बसला. हळूहळू, ओठ हलवत, एक शीत इकडेतिकडे होऊ न देता.

"तातय, माझी अकरा घरं व्हायचीत," नोरिंग दारातून म्हणाली.

"माहीत आहे. अकरा घरं, बारा चमचे." त्याने एक चमचा ताटात बाजूला काढला, बाकीचे डब्यात भरून झाकण लावलं आणि डबा तिच्या बाजूला सरकवला. "हे तुझं दुपारचं. घरटी एक, यातलाच. त्यांच्या भांड्यात चमचा घालायचा नाही. एक उरतो, तो इथे. बस, जेव."

नोरिंगने तक्ता भिंतीला टेकवला आणि बापासमोर बसली. एक चमचा भात होता, वर शीग नव्हती. तो तिने सावकाश खाल्ला, आणि तिचं संपेपर्यंत म्हातारा समोर बसून राहिला.